डुकरांच्या तापावरचं औषध तपासायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

डुकरांच्या कळपात विषाणूचा एखादा गंभीर आजार शिरला, की बहुतेक देशांत त्यावर उपचार करतच नाहीत. आजारी डुकरं मारतात, त्यांच्यासोबत राहिलेली धडधाकट डुकरंही मारतात, आणि पुष्कळदा आसपासच्या फार्मवरची सगळी जनावरं संपवतात. माणसांच्या बाबतीत चित्र वेगळं आहे. एचआयव्ही औषधांनी आटोक्यात राहतो, हिपॅटायटिस सी तर काही आठवड्यांच्या गोळ्यांनी बरा होतो. मग डुकरांसाठी असं औषध का नाही? शोधायचं ठरवलं तर ते तपासायचं कसं? आणि 'औषध लागू पडलं' असं कधी म्हणायचं? या शेवटच्या प्रश्नावर मी जास्त वेळ थांबणार आहे, कारण माणसांच्या औषधांवरून आपण जे उत्तर गृहीत धरतो, ते इथे अपुरं पडतं.

उदाहरण म्हणून क्लासिकल स्वाइन फीवर, म्हणजे वराहज्वर, हा आजार घेऊ. स्वाइन फ्लूशी याचा काही संबंध नाही. फ्लूचा विषाणू वेगळा, आणि वराहज्वर माणसाला होत नाही. तो होतो पाळीव डुकरांना आणि रानडुकरांना. तीव्र स्वरूपाचा असेल तर जनावराला ४० अंश सेल्सिअसच्या वर ताप चढतो, ते खाणं सोडतं, थंडी वाजत असल्यासारखी डुकरं एकमेकांना खेटून पडून राहतात. डोळे चिकटतात, मागचे पाय लटपटतात, कानांवर आणि पोटावर जांभळे डाग उमटतात. रक्तातल्या पांढऱ्या पेशी झपाट्याने कमी होतात, त्यामुळे इतर जंतूंनाही मोकळं रान मिळतं. कोवळ्या पिल्लांमध्ये मरणाचं प्रमाण फार मोठं असतं.

या आजाराच्या संशोधनात एकदा भलताच आरोपी पकडला गेला होता. १८८५ साली अमेरिकेत डॅनिएल सामन आणि थिओबाल्ड स्मिथ यांना आजारी डुकरांत एक जिवाणू सापडला आणि तोच या रोगाचं कारण मानला गेला. पुढे त्या जिवाणूच्या घराण्याला सामन यांच्यावरूनच साल्मोनेला हे नाव पडलं. पण तो मागाहून शिरलेला पाहुणा होता. जिवाणू अडवणाऱ्या बारीक गाळणीतून गाळलेल्या द्रवानेही डुकरं आजारी पडतात हे १९०३ मध्ये दिसलं आणि खरा गुन्हेगार विषाणू आहे हे पुढे आलं.

आता या आजाराची साथ आली की काय होतं, ते पाहू. १९९७-९८ मध्ये नेदरलँड्समध्ये वराहज्वर पसरला. प्रत्यक्ष लागण झालेले फार्म होते ४२९. मारली गेलेली डुकरं मात्र सुमारे १ कोटी १० लाख. हा हिशेब पहिल्यांदा वाचला की छापण्यात चूक झाली असावी असं वाटतं. पण त्यातली सुमारे ७ लाख डुकरंच लागण झालेल्या फार्मवरची होती. आणखी ११ लाखांच्या आसपास डुकरं खबरदारी म्हणून मारली. उरलेली ९० लाखांहून जास्त डुकरं ना आजारी होती, ना संशयित. साथीच्या भागातून जनावरं बाहेर न्यायला बंदी होती. पिल्लं जन्मत राहिली, वाढत राहिली, शेडमध्ये त्यांना उभं राहायला जागा उरली नाही, आणि हाल थांबवायचे म्हणून ती मारावी लागली. ज्यांनी ती वाढवली होती, त्यांच्या डोळ्यांदेखत हे सगळं झालं. औषधावरच्या संशोधनामागची तळमळ समजून घ्यायची असेल, तर हा आकडा लक्षात ठेवायला हवा.

लस नाही का? आहे, आणि चांगली आहे. चीनमध्ये तयार झालेली 'सी-स्ट्रेन' नावाची जिवंत पण कमजोर केलेली लस थोड्याच दिवसांत संरक्षण देते. अडचण वेगळीच आहे. लस टोचलेल्या डुकराच्या रक्तात विषाणूविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात, आणि आजार होऊन गेलेल्या डुकराच्या रक्तातही तशीच प्रतिपिंडं सापडतात. रक्त तपासून दोघांतला फरक सांगता येत नाही. मग 'आमच्याकडे हा विषाणू उरलेला नाही' हे मांस विकत घेणाऱ्या देशाला पटवायचं कसं? या कारणाने युरोपीय समुदायाने १९९० मध्ये सरसकट लसीकरण बंद केलं. फरक ओळखता येईल अशा लसी पुढे आल्या, पण त्यातल्या सुरुवातीच्या लसींचं संरक्षण उभं राहायला जास्त दिवस लागत. साथीत नेमके तेच दिवस महाग पडतात.

औषधाचा विचार इथून सुरू होतो. औषध रक्तात पोचलं की त्याच दिवसापासून कामाला लागतं. ते प्रतिपिंडं तयार करत नाही, त्यामुळे रक्ततपासणीत गोंधळ नाही. दुसऱ्या बाजूने, औषध थांबवलं की संरक्षणही संपतं. म्हणजे लशीची जागा घेणारी ही गोष्ट नाही. साथीची पहिली धडक अडवून धरण्यापुरती तिची योजना.

विषाणूला धरायचं कुठे, हे ठरवायला त्याची रचना थोडी माहीत हवी. वराहज्वराच्या विषाणूत आरएनएची एकच साखळी असते, सुमारे १२,३०० अक्षरांची. ती पेशीत शिरते आणि पेशीची यंत्रणा वापरून एक लांबलचक प्रथिन बनवून घेते. ते प्रथिन ठरावीक जागी तुटून त्यातून विषाणूची १२ वेगवेगळी प्रथिनं बनतात. त्यातलं एक आरएनएवरून आरएनएची नक्कल करतं. त्याला पॉलिमरेज म्हणतात. डुकराच्या स्वतःच्या पेशींना असं पॉलिमरेज लागत नाही, म्हणून ते बंद पाडलं तर विषाणूचं नुकसान होईल आणि डुकराचं होणार नाही, अशी आशा धरायला जागा आहे. हिपॅटायटिस सी हा या विषाणूचा दूरचा नातेवाईक, एकाच कुळातला. त्याच्यावरच्या सर्वांत प्रभावी औषधांतली काही नेमकी याच प्रथिनावर नेम धरतात.

या प्रथिनाचा आकार अर्धवट मिटलेल्या उजव्या हाताच्या पंजासारखा असतो. संशोधकही त्याच्या भागांना बोटं, तळवा आणि अंगठा असंच म्हणतात. आरएनएची साखळी या पंजातून सरकते आणि तळव्याशी नवी अक्षरं जोडली जातात. बेल्जियममधल्या लूव्हेन विद्यापीठाची रेगा संस्था आणि तिथलं सरकारी पशुवैद्यक संशोधन केंद्र यांनी मिळून २००८ मध्ये ज्या रेणूवरचं काम प्रसिद्ध केलं, तो बोटांच्या टोकांपाशी परिणाम करतो. त्याचं रासायनिक नाव लांबलचक आहे. संशोधक त्याला बीपीआयपी म्हणतात. पुढच्या सगळ्या टप्प्यांसाठी आपण हाच रेणू डोळ्यांसमोर ठेवू.

पहिली तपासणी प्लास्टिकच्या एका ताटलीत होते. तळहाताएवढी ताटली, तिच्यात ८ ओळी आणि १२ रकाने, म्हणजे ९६ छोटे खळगे. प्रत्येक खळग्याच्या तळाशी डुकराच्या मूत्रपिंडापासून मिळवलेल्या पेशींचा पातळ थर वाढवतात. पेशींचा हा वाण प्रयोगशाळांत गेली अनेक दशकं वाढवला जातो आहे. मग एका टोकाच्या रकान्यात औषध जास्त, पुढच्यात त्याहून कमी, पुढच्यात आणखी कमी, असं विरळ करत नेतात आणि सगळीकडे सारख्याच प्रमाणात विषाणू घालतात. काही खळग्यांत फक्त पेशी, काहींत पेशी आणि विषाणू पण औषध नाही, काहींत पेशी आणि औषध पण विषाणू नाही. हे तुलनेचे खळगे नसतील तर बाकीच्या ताटलीला काही अर्थ नाही.

तीन-चार दिवसांनी ताटली सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तर नवख्या माणसाला काहीच कळणार नाही. वराहज्वराचा विषाणू ताटलीतल्या पेशी सहसा मारत नाही. त्याचे बहुतेक वाण पेशीत गुपचूप वाढतात; लागण झालेली पेशी आणि निरोगी पेशी दिसायला सारख्याच. त्यामुळे पेशी त्याच अवस्थेत स्थिर करतात, विषाणूच्या प्रथिनाला चिकटणारं प्रतिपिंड वरून घालतात, आणि त्या प्रतिपिंडाला जोडलेल्या विकराकडून रंग उमटवून घेतात. जिथे विषाणू आहे तिथे पेशी लालसर तपकिरी होतात. चांगलं औषध असेल तर ताटलीच्या दाट टोकाला सगळं रंगहीन दिसतं. पुढे एखाददुसरा तपकिरी ठिपका, मग ठिपक्यांचे पुंजके, आणि औषध अगदी विरळ झालेल्या टोकाला खळगाभर तपकिरी रंग.

हे काम वेळखाऊ आहे. हजारो रेणूंची चाळणी करायची असेल तर संशोधक आधी याच गटातल्या दुसऱ्या विषाणूकडे वळतात. या गटाला पेस्टीव्हायरस म्हणतात. गुराढोरांना अतिसार करणारा एक पेस्टीव्हायरस आहे, त्याचे काही वाण पेशी मारतात. कुठल्या खळग्यात पेशी जगल्या एवढं पाहिलं की काम भागतं. त्यातून तगलेले मोजके रेणू मग वराहज्वराच्या विषाणूवर तपासायचे.

आता आकड्यांकडे. बातम्यांत 'औषधाने विषाणू ९९ टक्के घटला' असं छापून येतं आणि वाचणाऱ्याला वाटतं, काम फत्ते. एका मिलिलिटरमध्ये विषाणूचे १० लाख कण असतील तर ९९ टक्के घट झाल्यावर १० हजार उरतात. आणखी ९९ टक्के गेले तरी १०० उरतात. विषाणू दुपटीतिपटीने नव्हे, शेकडो पटींनी वाढतो, म्हणून त्याची घट टक्क्यांत न मोजता दहाच्या पटींत मोजतात. ९० टक्के म्हणजे एक पायरी, ९९ म्हणजे दोन, ९९.९ म्हणजे तीन.

त्याहून मोठी फसगत दुसऱ्याच ठिकाणी होते. विषाणूला वाढायला जिवंत, धडधाकट पेशी लागते. पेशीला विषबाधा केली तरी विषाणू घटतो. फिनाइल ओतलं तर ताटलीत विषाणूचा मागमूस राहणार नाही. पण तेवढ्यावरून कुणी फिनाइलला औषध म्हणत नाही. त्यासाठी प्रत्येक रेणूचे दोन आकडे काढावे लागतात: विषाणूची वाढ निम्म्यावर यायला किती मात्रा लागते, आणि निरोगी पेशी निम्म्यावर यायला किती लागते. पहिली मात्रा २ एकक आणि दुसरी २०० एकक असेल तर मधलं अंतर १०० पट आहे, पुढे जायला हरकत नाही. पहिली २० आणि दुसरी ४० असेल तर तो रेणू विषाणूवर काम करतो आहे की पेशीलाच आजारी पाडतो आहे, हे सांगणं कठीण. औषध सापडल्याची बातमी वाचताना मी आधी हा दुसरा आकडा शोधतो. बऱ्याचदा तो दिलेलाच नसतो.

ताटलीतच आणखी एक परीक्षा होते. विषाणूला थोड्या औषधात वाढवायचं, त्यातून जे वाचतील त्यांना जास्त औषधात टाकायचं, असं पुन्हा पुन्हा. आरएनएची नक्कल करताना चुका भरपूर होतात, त्यामुळे औषधाला न जुमानणारा विषाणू आज ना उद्या निपजतो. हे वाईट वाटलं तरी उपयोगी आहे, कारण त्याच्या आरएनएत नेमकं काय बदललं हे वाचता येतं. बीपीआयपीच्या बाबतीत पॉलिमरेजच्या बोटांच्या भागातलं एकच अमिनो आम्ल बदललेलं होतं. औषधाचा नेम कुठे आहे, याचा यापेक्षा ठोस पुरावा मिळणं अवघड. पण एवढ्याशा बदलाने विषाणू निसटू शकतो, ही धोक्याची सूचनाही त्यातच आहे.

ताटलीतून डुकराकडे जाताना बहुतेक रेणू गळतात. खळग्यातल्या पेशीला औषध थेट भिडतं. डुकराच्या बाबतीत ते तोंडातून पोटात, आतड्यातून रक्तात, यकृताच्या तावडीतून सुटून योग्य जागी पोचावं लागतं. इथे योग्य जागा म्हणजे आधी टॉन्सिल, कारण तोंडानाकातून आलेला हा विषाणू पहिल्यांदा तिथेच वाढतो, मग लसिका ग्रंथी, आणि तिथून रक्तावाटे सगळीकडे. रक्तातली मात्रा दिवसभर पुरेशी टिकते का, हे ठरावीक तासांनी रक्त काढून पाहावं लागतं. हजारो जनावरांच्या फार्मवर रोज प्रत्येक डुकराला सुई टोचणं शक्य नाही, तेव्हा औषध खाद्यातून किंवा पाण्यातून देता यायला हवं.

आणि इथे एक साधी पण निर्णायक गोष्ट आड येते. ताप चढलेलं डुक्कर सगळ्यात आधी खाणं सोडतं. खाद्यातलं औषध ज्याला सर्वांत जास्त गरजेचं, त्याच्याच पोटात ते जात नाही. खाद्यातून दिलेलं औषध पुरेशा मात्रेत पोचतं ते अजून खातं-पितं असलेल्या, म्हणजे लागण न झालेल्या किंवा नुकतीच झालेल्या डुकराला. मला वाटतं, या एका निरीक्षणाने औषधाचा हेतूच बदलतो. आजारी जनावर बरं करणं हे मुख्य काम राहत नाही. आजार पुढच्या जनावरापर्यंत पोचू न देणं हे मुख्य काम होतं.

बेल्जियमच्या संशोधकांनी हे दोन टप्प्यांत तपासलं. आधी पाहिलं की लागणीच्या आदल्या दिवसापासून औषध सुरू केलं तर डुकराच्या रक्तातला विषाणू कमी राहतो का. राहिला, आणि फरक ठळक होता. मग खरा प्रश्न: अशा डुकरापासून दुसऱ्याला लागण होते का?

प्रयोगाची मांडणी साधी होती. औषध दिलेल्या ४ डुकरांना विषाणू टोचला आणि त्यांच्यासोबत ४ निरोगी डुकरं ठेवली. या दुसऱ्या चौघांना ना विषाणू टोचला, ना औषध दिलं. आजार आपल्यापर्यंत पोचतो का हे कळावं म्हणून ठेवलेल्या अशा जनावरांना पहारेकरी म्हणू. तुलनेसाठी दुसऱ्या गटात विषाणू टोचलेली पण औषध न दिलेली ४ डुकरं, आणि त्यांच्यासोबत ४ पहारेकरी. हे सगळं कडेकोट बंद इमारतीत चालतं, जिथून हवासुद्धा गाळल्याशिवाय बाहेर सोडत नाहीत. डुकरांची रोज पाहणी होते, ताप आणि रक्त तपासलं जातं, आणि एखाद्या जनावराचे हाल ठरवलेल्या मर्यादेपलीकडे गेले तर त्याला वेदनारहित मरण दिलं जातं. ती मर्यादा प्रयोग सुरू होण्याआधी लिहून ठेवलेली असते. जनावरं कमी का वापरतात, याचं एक कारण हेही आहे.

निकाल असा आला. औषध न दिलेल्या गटात लागण चारही पहारेकऱ्यांपर्यंत सहज पसरली. औषध दिलेल्या गटातल्या चार पहारेकऱ्यांपैकी दोघांनाच लागण झाली, तीही थोडा वेळ टिकणारी. त्यातल्या एकाला ती बहुधा औषध दिलेल्या डुकरापासून नव्हे, तर दुसऱ्या पहारेकऱ्याकडून मिळाली. शिवाय या गटातल्या पहारेकऱ्यांच्या टॉन्सिलमध्ये विषाणूचं आरएनए बरंच कमी सापडलं.

चारपैकी चार आणि चारपैकी दोन. ऐकायला फरक मोठा वाटतो. पण समजा, औषध निव्वळ निरुपयोगी होतं आणि आठ पहारेकऱ्यांपैकी दोन योगायोगाने सुटले. आठांतून दोघांच्या २८ वेगवेगळ्या जोड्या होतात. सुटलेले दोघेही औषधाच्याच गटातले असतील अशा जोड्या ६. म्हणजे २८ पैकी ६, सुमारे २१ टक्के. काहीच गुण नसलेल्या औषधाबाबतही असा निकाल दर पाच प्रयोगांत एकदा सहज दिसू शकतो. आणि हा हिशेबही औषधाला झुकतं माप देणारा आहे, कारण त्यात प्रत्येक डुक्कर स्वतंत्र धरलं आहे. प्रत्यक्षात एकत्र ठेवलेली चार डुकरं स्वतंत्र नसतात. एकाला झालं की बाकीच्यांची शक्यता वाढते. काटेकोरपणे पाहिलं तर हा एका गटाचा दुसऱ्या एका गटाशी सामना होता.

मग प्रयोग वाया गेला का? अजिबात नाही. टॉन्सिलमधला फरक योगायोगाने पडण्याची शक्यता दीड टक्क्याच्या आसपास निघाली, म्हणजे तो पुरावा बळकट आहे. लागण सुरू होण्याच्या दिवसात मात्र खात्रीचा फरक दिसला नाही, आणि संशोधकांनी तसं स्वच्छ लिहिलं: प्रसार कमी होण्याकडे कल दिसतो. त्यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली. पहारेकऱ्यांना मुद्दाम औषध दिलेलं नव्हतं. साथीत वापर झालाच तर शेडमधल्या सगळ्याच डुकरांना औषध मिळेल, म्हणजे प्रयोगातली परिस्थिती प्रत्यक्षाहून कठीण होती.

औषध तपासताना मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती एका वेगळ्या निकालाची. समजा औषधाने ताप उतरला, डुक्कर खायला लागलं, पण विषाणू त्याच्या लाळेतून आणि विष्ठेतून पडतच राहिला. माणसांच्या औषधाच्या कसोटीवर हे यश आहे, रुग्णाला बरं वाटलं. डुकरांच्या साथीत हेच सर्वांत मोठं संकट. आजारी दिसणारं डुक्कर कुणाच्याही नजरेत भरतं आणि फार्मला कुलूप लागतं. बरं दिसणारं डुक्कर गाडीत चढवलं जातं आणि ते विषाणू घेऊन दुसऱ्या गावी पोचतं. त्यामुळे जनावर कसं दिसतं यावर इथे निकाल लावता येत नाही. नाकातली, घशातली, विष्ठेतली नमुना-तपासणी आणि पहारेकऱ्यांचं रक्त, यांवरच तो लागतो.

आठ-सोळा डुकरांवरून देशाचं धोरण ठरत नाही, आणि हजारो डुकरांवर मुद्दाम साथ सोडता येत नाही. मधली दरी गणिती प्रारूपं भरतात. २०१३ मध्ये नेदरलँड्समधल्या डुकरांची दाटी असलेल्या भागावर अशी साथ संगणकात चालवून पाहिली गेली. लागण झालेल्या फार्मभोवती २ किलोमीटरच्या वर्तुळात औषध किंवा लस देणं, हे १ किलोमीटरच्या वर्तुळातली डुकरं आधीच मारण्यापेक्षा जास्त परिणामकारक ठरलं. औषध एकटं लशीहून किंचित कमी पडलं, कारण त्याचं संरक्षण लगेच मिळतं तसं लगेच संपतं. सर्वांत चांगला निकाल दोन्ही मिळून आला: जिथे लस देता येते तिथे लस, आणि ज्या माद्यांना लस देण्याची परवानगी नसते त्यांना औषध. औषधाचं वर्तुळ १ किलोमीटरवर आणलं तर मात्र साथ हाताबाहेर जाण्याचा धोका वाढत होता. म्हणजे औषध चांगलं असूनही, ते किती दूरपर्यंत वाटलं यावर डाव जिंकतो किंवा हरतो.

आफ्रिकन स्वाइन फीवरचा उल्लेख इथे टाळता येणार नाही. नाव सारखं असलं तरी तो पूर्ण वेगळ्या घराण्यातला, डीएनए असलेला प्रचंड विषाणू आहे, दीडशेहून जास्त जनुकांचा. २००७ मध्ये तो जॉर्जियात पोचला, २०१८ मध्ये चीनमध्ये, २०२० मध्ये भारताच्या ईशान्येत. लागण झालेल्या डुकरांपैकी जवळजवळ सगळी मरतात. लशीला पहिली परवानगी मिळाली ती व्हिएतनाममध्ये, २०२२ साली. त्यामुळे औषधाची ओढ इथे जास्त आहे आणि घाईही जास्त.

या विषाणूची ताटलीतली तपासणी पाहण्यासारखी असते. तो डुकराच्या भक्षक पेशींमध्ये, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशींमध्ये वाढतो. या पेशी कायम वाढवत ठेवता येत नाहीत, दरवेळी डुकराच्या रक्तातून किंवा फुप्फुसातून ताज्या मिळवाव्या लागतात. ताटलीत डुकराच्या लाल रक्तपेशी सोडल्या की त्या लागण झालेल्या पेशीला चारी बाजूंनी चिकटतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेका पेशीभोवती लाल मण्यांचं कडं दिसतं. औषध काम करत असेल तर ही कडी बनत नाहीत, लाल पेशी सुट्या तरंगत राहतात.

या ताटलीत आजवर बरेच रेणू उतरले आहेत. डीएनएची नक्कल थांबवणाऱ्या एका रेणूचा परिणाम १९८८ मध्येच दाखवला गेला होता. २०१३ मध्ये पोर्तुगालमधल्या संशोधकांनी फ्लुरोक्विनोलोन गटातली प्रतिजैविकं विषाणूची वाढ रोखतात असं दाखवलं. २०१८ मध्ये सोयाबीनमध्ये असणाऱ्या जेनिस्टीन या रसायनाबद्दल तसाच अहवाल आला. यावर लगेच 'सोयाबीन खाऊ घाला' असा निष्कर्ष काढणं चूक आहे. ताटलीतली मात्रा खाद्यातून डुकराच्या रक्तात येते का, आणि आली तर टिकते का, हा प्रश्न वर सांगितलेल्या सगळ्या पायऱ्या चढूनच सुटतो. फ्लुरोक्विनोलोनचं दुखणं आणखी वेगळं. ती माणसांच्या गंभीर जिवाणू संसर्गांसाठी जपून ठेवायची औषधं आहेत. विषाणूच्या नावाखाली कळपच्या कळप त्यांवर वाढवले, तर तिथले जिवाणू त्यांना निर्ढावतील आणि किंमत माणसं मोजतील.

विषाणूविरोधी औषधांनाही हाच नियम लागू होतो. २०२२ मध्ये युरोपीय संघाने फक्त माणसांसाठी राखून ठेवायच्या औषधांची यादी काढली, तिच्यात ओसेल्टामिविर, रिबाविरिन आणि फॅविपिराविरही आहेत. ही औषधं तिथे जनावरांना देता येत नाहीत. मला हा निर्णय योग्य वाटतो, पण त्याचा अर्थ असा की डुकरांसाठी वेगळाच रेणू शोधावा लागणार. त्याच्यासाठी मांसात किती अंश उरतो, औषध थांबवल्यावर किती दिवसांनी जनावर कापता येईल, शेणखतातून जमिनीत काय जातं, हे सगळं पुन्हा तपासावं लागणार. आणि वर्षानुवर्षं गोदामात पडून राहील, साथ आली तरच लागेल, असं औषध बनवायला खर्च करणार कोण, हाही प्रश्न आहेच. माझ्या मते तो खर्च सरकारांनीच उचलायला हवा, कारण साथीत जनावरं मारल्याची भरपाई देतात तीच.

क्लासिकल किंवा आफ्रिकन, दोन्ही तापांवर आज परवाना मिळालेलं औषध नाही. बीपीआयपीसारखा रेणू पुढे न्यायचा, तर पुढचा प्रयोग कसा हवा हे आधीच्या प्रयोगाने दाखवून दिलं आहे. दोन गटांऐवजी डुकरांचे बरेच गट हवेत, प्रत्येक स्वतंत्र कक्षात, म्हणजे एकाचा परिणाम दुसऱ्यावर पडणार नाही. पहारेकऱ्यांनाही औषध द्यायला हवं. औषध लागणीच्या आदल्या दिवशी सुरू न करता तीन-चार दिवस उशिरा सुरू करून पाहायला हवं, कारण फार्मवर साथ कळते ती उशिराच. आणि औषध थांबवल्यानंतर पुढचे काही आठवडे रक्त आणि टॉन्सिल तपासत राहायला हवं, दबलेला विषाणू पुन्हा डोकं वर काढतो का हे पाहण्यासाठी.